न हललेली भाडेकरीण

योम फिल्नाम जन्मली तेव्हा घरात आधीच तीन मुली होत्या. बापाने बाळाचं तोंडही पाहिलं नाही. अंगणातूनच नाव सांगून टाकलं, फिल्नाम, म्हणजे 'आता मुलगाच पाहिजे'. पुढच्या खेपेला खरंच मुलगा झाला, बोंग्यू, आणि त्यानंतर त्या घरात जे काही होतं नव्हतं ते बोंग्यूचं झालं. शेत त्याच्या कॉलेजात गेलं, बैल त्याच्या लग्नात गेला. फिल्नाम अर्धवट शाळा सोडून बुसानला आली आणि रबरी बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायला लागली. लग्न केलं ते खोल समुद्रात मासेमारीला जाणाऱ्या एका खलाशाशी. तो पार अटलांटिकमधल्या लास पाल्मासच्या बंदरात उतरला तो परत आलाच नाही. कोणी म्हणे बुडाला, कोणी म्हणे तिकडे दुसरा संसार थाटला. तिला विचारलं तर ती म्हणायची, "दोन्हीतलं काहीही असो, त्याच्या वाटणीची भांडी घासायची वाचली."

बुटांचे कारखाने बंद पडायला लागले तेव्हा ती बुसानच्याच योंग्दो बेटावरच्या एका हमामात लागली, बायकांच्या पाठी घासायच्या कामाला. हातात हिरवा खरखरीत मोजा, अंगावर काळी चड्डी-बॉडी, समोर लांबलचक ओलं टेबल. या कामाला कोणी नाव घेऊन बोलत नाही, पण पैसे रोखीने मिळतात. आणि अंगावर कपडे नसले की बायका खरं बोलतात. कोणाच्या नवऱ्याने कुठे फ्लॅट घेतला, कोण बुडालं, कोणत्या वस्तीतून रस्ता जाणार, हे सगळं फिल्नामच्या टेबलावर आधी कळायचं आणि वर्तमानपत्रात नंतर यायचं. तिने त्याचा काही उपयोग केला नाही. ऐकलं आणि पाणी ओतलं.

राहायला ती बेटाच्या चढावर होती, लाल विटांच्या दुमजली घरात, तळमजल्यावर. आमच्याकडे दरमहा भाडं देण्यापेक्षा राहायला येतानाच एक मोठी अनामत मालकाच्या हातात ठेवायची पद्धत. भाडं नाही, काही नाही, आणि घर सोडताना अनामत जशीच्या तशी परत. माणसाची सगळी कमाई त्या एका रकमेत असते. फिल्नामचीही होती. मालक जेगाल बोटींचे सुटे भाग करायचा, हसतमुख होता, सणाला नासपतीची पेटी पाठवायचा. मग देशाला कर्जासाठी आयएमएफपुढे हात पसरावे लागले ते वर्ष आलं, कारखाने पटापट कोसळले, आणि एके दिवशी जेगाल बायकोमुलांसह गायब झाला. घर बँकेकडे गहाण होतं हे फाटकावर कोर्टाचा कागद चिकटल्यावर सगळ्यांना कळलं. घराचा लिलाव होणार होता.

वरच्या मजल्यावर सोंगमीची आई राहायची. नवरा बस चालवायचा. ती पायऱ्यांवर बसून रडत होती. गच्चीवरच्या खोलीतले ह्वांगबो आजोबा, गोदीतले जुने वेल्डर, विडी ओढत कागद उलटसुलट वाचत होते.

"आजोबा, काय लिहिलंय हो?"

"लिहिलंय की आपण इथे नाही," आजोबा म्हणाले. "घर आहे, जमीन आहे, बँक आहे. आपलं नावच नाही."

त्याच आठवड्यात बोंग्यू आला. तो विमा कंपनीत होता, कोट घालायचा, आणि बहिणीच्या घरात बूट काढताना जमीन ओली तर नाही ना हे बघायचा.

"ताई, आता हट्ट करू नकोस. मिळेल तेवढी अनामत घे आणि आमच्याकडे ये. मागची खोली आहे ना. मुलांचंही बघशील."

"म्हणजे मोलकरीण."

"असं का बोलतेस? बहीण आहेस तू."

"बहीण आहे म्हणूनच फुकटात, नाही का?"

बोंग्यूने जिभेने टक्क आवाज केला. "लिलाव म्हणजे गुंडांचा बाजार असतो. तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणून तर कोणाला तरी विचारणार आहे."

कोर्टाच्या मागच्या गल्लीत मेंग नावाचे एक म्हातारे गृहस्थ दस्तऐवज करून द्यायचे. त्यांच्या बायकोची पाठ ती घासायची, तेवढीच ओळख. मेंगसाहेबांनी तिचा भाडेकरार, घराचा उतारा, सगळं टेबलावर मांडलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तू राहायला आलीस ते घर गहाण पडायच्या आधी. वॉर्डात नाव नोंदवलंस?"

"दुसऱ्याच दिवशी."

"शाबास. म्हणजे हे घर कोणीही घेऊ दे, तुझी अनामत त्याला द्यावी लागणार. त्याशिवाय तुला कोणी हलवू शकत नाही." त्यांनी आणखी एक कागद उचलला. "आणि हे काय? मध्ये अनामत वाढवलीस?"

"जेगाल म्हणाला, सगळेच वाढवतायत. मी दिली."

"गहाण पडल्यानंतर दिलीस. ती वाढीव रक्कम गेली बाई. बुडाली."

कित्येक हिवाळ्यांची घासाघीस होती त्यात. फिल्नाम उठली, कोपऱ्यातल्या पिंपातून पाणी प्यायली, परत येऊन बसली.

"बरं. बुडाली. पुढचं बोला."

मेंगसाहेबांना ते आवडलं असावं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पुढचं असं, की या घरातला काटा तूच आहेस. बाकीच्या कोणालाही बोलीची रक्कम अधिक तुझी अनामत, असं दुहेरी द्यावं लागणार. म्हणून लोक घाबरतील, पहिल्या खेपेला कोणी येणार नाही, कोर्ट किंमत उतरवेल. दुसऱ्या खेपेलाही तसंच. पण एक माणूस असा आहे ज्याला फक्त बोलीची रक्कम द्यायचीय. अनामत स्वतःची स्वतःलाच."

"मी?"

"तू. पण हे घर तुझं राहतं घर आहे हे विसरून हिशेब करायचा. जमेल?"

"मी पाठी घासते साहेब. कोणाची पाठ आहे हे विसरल्याशिवाय घासताच येत नाही."

मग मेंगसाहेबांनी तिला शिकवलं. भाडं धरताना एक जागा कायम रिकामी आहे असं धरायचं. दुरुस्तीचा जो आकडा गवंडी सांगेल त्याच्या दुप्पट धरायचा. कर, नोंदणी, माझी फी विसरायची नाही. व्याज, आणि ते चढलं तर किती, तेही बघायचं. एवढं करून महिन्याच्या शेवटी हातात काही उरत असेल तरच ते घर चांगलं, नाहीतर नुसत्या विटा. पहिल्यांदा तिने केलेला हिशेब त्यांनी वाचला आणि परत तिच्याकडे सरकवला. "हा हिशेब नाही, हे प्रेमपत्र आहे. पुन्हा कर." नोंदणीचा कर ती साफ विसरली होती, आणि जेगालचं तळमजल्यावरचं रिकामं दुकान पहिल्याच महिन्यात भाड्याने जाईल असं धरून बसली होती.

तिने पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. हमामातून सुटली की चढावरच्या घरदलालांच्या दारात जाऊन उभी राहायची, "दोन खोल्यांचं भाडं काय चाललंय?" म्हणून विचारायची. दलाल हसायचे. "तुम्हाला कशाला काकू?" "जावयासाठी," ती सांगायची. तिला मूलबाळच नव्हतं.

एक दिवस फळांच्या रसाच्या बाटल्यांचा खोका घेऊन एक माणूस दारात आला. चकचकीत बूट, केस मागे चोपडलेले. नाव प्यॉन. लिलावातली घरं घेऊन विकणं हाच त्याचा धंदा.

"काकू, तुम्ही या घरातल्या सगळ्यात जुन्या, नाही का? मी तुमचा मान ठेवायला आलोय." त्याने खोका उंबऱ्याच्या आत सरकवला. "सरळ बोलतो. बोलीला येणाऱ्या लोकांना तुम्ही आणखी जरा घाबरवायचं. अनामत आहे त्याच्यापेक्षा मोठी सांगायची. मी घर स्वस्तात घेईन, तुमची पूर्ण रक्कम देईन, वाढीव बुडालेलीसुद्धा. वर सामान हलवायचा खर्च."

बुडालेलीसुद्धा. फिल्नामने मनात ती रक्कम मोजून पाहिली. ती लबाड नव्हती, पण संतही नव्हती.

"आणि वरचे?"

"वरचे कोण?"

"बसवाल्याचं कुटुंब. गच्चीवरचे आजोबा."

"त्यांचं कायद्याने जे व्हायचं ते होईल. त्यांची काळजी तुम्ही कशाला करता? ते काय तुमचे नातेवाईक आहेत?"

"नाहीत. आणि तुम्हीही नाही." तिने पायाच्या अंगठ्याने खोका पुन्हा उंबऱ्याबाहेर लोटला. "हा न्या. माझ्या पोटाला गोड सोसत नाही."

प्यॉन हसला, पण खोका उचलताना त्याचे कान लाल झाले होते. "काकू, कोर्टात भेटू नका म्हणजे झालं."

त्याच्या आधी तिने नक्की ठरवलं नव्हतं. तो पायऱ्या उतरून गेला आणि ठरलं.

बोली लावायची तर आधी किमतीचा दहावा हिस्सा कोर्टात भरावा लागतो. हमामातल्या बायकांची भिशी होती. फिल्नामचा नंबर अजून लांब होता, पण तिने गरम कुंडात पाय सोडून बसलेल्या बायकांसमोर उभं राहून सांगितलं, "या खेपेची मला द्या. घर घ्यायचंय." कुंडात एकच गलका झाला. कोणी म्हणालं वेड लागलं, कोणी म्हणालं घे घे, कितीही लागू दे, सोडू नकोस, राहतं घर आहे. भिशी चालवणाऱ्या जाड्या बाईने विचारलं, "आणि बुडलीस तर?"

"तर तुमच्या पाठी जन्मभर फुकट घासीन."

"मग बुडच," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. भिशी फिल्नामला मिळाली.

बोंग्यू चिडून आला. पण या वेळी तो नुसता चिडला नाही. घराच्या मागे गेला आणि टेकडीला धरून ठेवणाऱ्या दगडी भिंतीवर हात ठेवला. "ताई, हे बघ. पोट आलंय भिंतीला. एका मोठ्या पावसात खाली येईल. आमच्या कंपनीत असल्या भिंतींचे दावे रोज येतात." फिल्नामने त्या भिंतीवर इतकी वर्षं मुळा वाळत घातला होता, पण तिला ते दिसलं नव्हतं. तिने गवंडी बोलावला. गवंड्याने आकडा सांगितला तो ऐकून ती तिथेच दगडावर बसली. भाऊ म्हणाला, "बघ, म्हणून म्हणतो सोड." ती म्हणाली, "सोडत नाही. पण तू बरोबर बोललास," आणि गवंड्याचा आकडा दुप्पट करून तिने आपल्या बोलीतून वजा केला. बोली एवढी खाली आली की घर हातचं जाईल अशी भीती वाटायला लागली. मेंगसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "गेलं तर गेलं. तुझी अनामत हातात ठेवून नवा मालक तुला नमस्कार करेल. जो आकडा ठरवलास त्याच्यावर एक वॉन नाही."

पहिल्या खेपेला कोणी आलं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. बारा कोटी वॉनचं घर पावणेआठ कोटींच्या आत आलं.

तिसऱ्या खेपेला फिल्नाम सगळ्यात चांगलं जाकीट घालून कोर्टात गेली. दालन माणसांनी गच्च भरलं होतं, सगळीकडे पुरुष, सिगारेटचा वास, कोपऱ्यात बोलीची पेटी. दारातच प्यॉन भेटला, बरोबर दोन धटिंगण.

"काकू, आज हे घर ठरलेलं आहे. उगाच त्या बायकांची भिशी बुडवाल."

"कोणाशी ठरलंय? घराशी? मला काही बोललं नाही ते."

धटिंगणांपैकी एक खाली मान घालून हसला. प्यॉनने त्याच्याकडे बघितलं तसा गप्प झाला.

ओसरीत एक नवं जोडपं लिलावाचं छापील पत्रक घेऊन उभं होतं. मुलीचे डोळे चमकत होते. तिच्या बोटाखाली फिल्नामला आपल्याच घराचा नंबर दिसला. क्षणभर ती तशीच पुढे गेली. मग मागे फिरली.

"पोरी, हे घेऊ नकोस. यात एक जुनी भाडेकरीण आहे. तिची अनामत तुमच्या गळ्यात पडेल, वरून."

मुलाने संशयाने पाहिलं. "तुम्हाला काय माहीत?"

"ती मीच."

मुलगी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मुलगा मात्र पत्रक घेऊन कारकुनाकडे पळाला, विचारून आला आणि वाकून दोनदा नमस्कार करून बायकोला घेऊन निघून गेला. आपला फायदा झाला की त्यांचा, हे फिल्नामला तेव्हाही सांगता आलं नाही, नंतरही नाही. दोघांचाही झाला असावा.

तिने भिंतीला कागद टेकवून आकडा लिहिला. बायकांचं 'घे घे' कानात वाजत होतं आणि पेन वर सरकायला बघत होतं. तिने शून्यं पुन्हा मोजली, लिफाफा बंद केला, पेटीत टाकला. मग बाकावर बसून राहिली. घराचा नंबर पुकारला गेला तेव्हा तिघेच पुढे गेले. एकाची बोली अगदीच किरकोळ होती. प्यॉनने तिची अनामत वजा करूनच बोली लावली होती, त्याला लावावीच लागली होती. सगळ्यात वरची बोली म्हणून कारकुनाने तिचं नाव वाचलं, चुकीचं वाचलं, पुन्हा वाचलं. "योम फिल्नाम. पुरुष?"

"बाई," ती म्हणाली. "नाव बापाचं, घर माझं."

दालनात हशा पिकला. प्यॉन मात्र केव्हाच बाहेर पडला होता.

खरी अडचण पुढे होती. उरलेली रक्कम ठरल्या मुदतीत भरली नाही तर भिशीचे पैसे कोर्ट गिळून टाकणार होतं. बाजारातल्या पतपेढीने आधी तोंडी होकार दिला होता. आता तिथल्या व्यवस्थापकाने फाइल बाजूला ठेवली.

"पगाराची पावती?"

"पाठी घासते. पावती म्हणून मळ आणून दाखवू?"

त्याचा चेहरा आंबला. "नवरा?"

"समुद्रात."

"मग एखादा पुरुष जामीन. भाऊ वगैरे."

या व्यवस्थापकाची बायको दर आठवड्याला तिच्या टेबलावर आडवी व्हायची. भिशीतल्या बाया म्हणाल्या, जरा पाठ दाबून कानात सांग की. फिल्नामने सांगितलं नाही. "पैसे देऊन पाठ घासून घेतात त्या. माझं गाऱ्हाणं ऐकायचे पैसे नाहीत दिलेले."

बोंग्यू मात्र स्वतःहून जामीन राहायला तयार झाला. बायकोलाही बरोबर घेऊन आला, संत्री आणली. "सही करतो मी. फक्त कागदावर माझ्या मुलाचं नाव घालू. शेवटी पितरांचं कोण करणार? तुझंही कोण करणार? घर घराण्यात राहू दे."

फिल्नाम संत्रं सोलत होती. सोलून झालं, फोडी बशीत ठेवल्या, बशी त्याच्यापुढे सरकवली.

"बोंग्यू, माझ्या नावात आजवर तूच आहेस. मला हाक मारली की लोक तुलाच बोलावतात. घराच्या कागदावर तरी मला एकटीला राहू दे."

"मग मी सही करणार नाही."

"नको करूस. संत्रं खा."

मेंगसाहेबांनी तिला खाली धक्क्यावरच्या मच्छीमार सहकारी बँकेत पाठवलं. तिथल्या अधिकाऱ्याला समुद्रात गेलेले नवरे नवीन नव्हते. तो स्वतः चढ चढून आला, धापा टाकत घर पाहिलं, भिंत पाहिली, तोंड वाकडं केलं. मग म्हणाला, "तुमच्यावर नाही, घरावर कर्ज देता येईल. पण हप्ता घरातून निघतो हे दिसलं पाहिजे. भाडेकरू राहणार आणि दरमहा भाडं देणार, असं त्यांच्या सहीने आणा."

ह्वांगबो आजोबांनी लगेच सही केली. "मी मरेपर्यंत राहीन असं लिही. बँकेला वाटेल लांबची मुदत आहे." पण गच्चीच्या भाड्याने काय होणार? वरच्या मजल्याची सही हवी होती.

सोंगमीची आई पायरीवर बसून मुळा चिरत होती. तिची अनामत गहाणानंतरची. लिलावाच्या पैशांतून कायद्याने थोडीशी मिळणार होती, बाकीची गेली होती. लिलावाच्या दिवसापासून ती फिल्नामशी बोलत नव्हती.

"सही पाहिजे," फिल्नाम उभ्याउभ्याच म्हणाली.

सुरी थांबली. "तुला? तू जितकं स्वस्तात घेतलंस तितके आम्ही खाली गेलो. आमच्या पैशांवर पाय ठेवून चढलीस तू घरावर. आणि आता सही?"

"तुझे पैसे जेगालने खाल्ले. मी नाही. माझेही खाल्ले."

"तुझ्याकडे घर आलं. माझ्याकडे काय आलं?"

फिल्नाम खाली बसली. प्यॉनने घेतलं असतं तरी हिचे पैसे बुडालेच असते, हे खरं होतं, पण त्या मुळ्याच्या घमेल्यापुढे ते बोलण्यात काही अर्थ नव्हता.

"किती पाहिजे?" तिने विचारलं.

"काय किती?"

"सही विकत घेते. बोल."

सोंगमीच्या आईने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग होता, पण त्यामागे हिशेबही सुरू झाला होता. "अनामत एक पैसा देणार नाही."

"नको."

"भाडं बाजारातल्यापेक्षा चौथा हिस्सा कमी. आणि सोंगमी कॉलेजात जाईपर्यंत वाढवायचं नाही."

सोंगमी तेव्हा तिसरीत होती. फिल्नामच्या डोक्यात आकडे भराभर पडले. दुकान रिकामं राहिलं तर महिन्याअखेरीस तिला हमामात जादा पाळ्या कराव्या लागणार होत्या.

"सहावी संपेपर्यंत," ती म्हणाली.

"नाही. कॉलेज."

"माध्यमिक संपेपर्यंत. आणि खिडक्यांना नवीन काचा लावून देते, हिवाळ्याच्या आत."

"न्हाणीघराचा बॉयलरही."

"बॉयलर तुझ्या नवऱ्याने बिघडवला."

"बॉयलर जेगालने घातला होता, कबाडातून आणून."

त्यावर दोघी एकदम जेगालला शिव्या घालायला लागल्या. त्या शिव्या बराच वेळ चालल्या, त्याच्या नासपतीच्या पेट्यांपर्यंत गेल्या. शेवटी सोंगमीच्या आईने मुळ्याचं पाणी हातावरून झटकलं. "सगळं लिहून आण. लिहिल्याशिवाय सही नाही. आणि मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"मी माफी मागायला आलेच नव्हते. सही मागायला आले."

संध्याकाळी नवऱ्याने सगळं मोडायचा प्रयत्न केला. सामान बांधू, तुझ्या आईकडे जाऊ म्हणाला. सोंगमीच्या आईने त्याला एवढंच विचारलं, "आईकडे शाळेला बस कुठली जाते?" तिकडे बस जात नाही हे बसचालकाइतकं कोणाला माहीत? सही झाली.

कर्ज मागितलं होतं त्याच्याहून कमी मिळालं. उरलेली फट भरायला फिल्नामने सोन्याची एकुलती एक अंगठी विकली, भिशीतल्या दोन बायांकडून व्याजाने घेतलं, आणि मुदतीच्या आत घर आपल्या नावावर करून घेतलं. मेंगसाहेबांनी फी घेतली. एक वॉन कमी केला नाही. "कमी केली असती तर तुझा हिशेब चुकला असता," म्हणाले.

पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. भिंत बांधायला काढली तेव्हा आतला मातीचा नळ फुटलेला निघाला, आणि दुप्पट धरलेला खर्चही पुरला नाही. रिकाम्या दुकानात कोणी येईना. शेवटी एक टोफूवाली आली, पहाटेपासून वाफा काढायची, पण भाडं वेळेवर द्यायची. फिल्नामच्या मनगटावर सूज आली, तरी ती जादा पाळ्या करत राहिली. बोंग्यूने एका सणाला तिला बोलावलं नाही. दुसऱ्या सणाला बोलावलं तेव्हा तिने स्वतःच्या घरातच पितरांचं पान मांडलं होतं. "इकडे ये, जागा मोठी आहे," म्हणून उलट त्यालाच निरोप धाडला. तो आला. भिंत बघून आला आधी, हात लावून, आणि मग जेवायला बसला.

मग व्याज उतरलं, धक्क्यावरच्या बँकेने कर्ज नव्याने बांधून दिलं, आणि एका महिन्याच्या शेवटी तिच्या हातात थोडे पैसे उरले. त्यांचं तिने डुकराच्या रस्स्याचं मोठं पातेलं केलं आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांना वाढलं. सोंगमीच्या आईने खाल्लं. मीठ कमी आहे म्हणाली.

प्यॉन पुन्हा एकदा आला, या वेळी खोका न घेता. आता बेटावरच्या घरांच्या किमती चढत होत्या. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून टोफूवालीच्या हातातला झारा थांबला. फिल्नामने मात्र आधी त्याला आत बोलावून बसवलं, बार्लीचा चहा दिला, आणि शांतपणे विचारलं, "हे विकून मी राहायला कुठे जाऊ?"

"कुठेही! फ्लॅट घ्या. लिफ्ट असते, गरम पाणी असतं."

"आणि कोणाकडून घेऊ? तुमच्याकडून?"

प्यॉनने चहा संपवला. जाताना तो पायऱ्यांवर थांबून म्हणाला, "काकू, खरं सांगतो, त्या दिवशी मला वाटलं होतं तुम्ही घाबराल."

"घाबरलेच होते," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत."

घर झालं म्हणून तिने हमाम सोडला नाही. लोक म्हणायचे, आता मालकीण झालीस, बस की घरी. ती म्हणायची, घर कर्ज फेडतंय, मला अजून जेवायचंय. एका गुरुवारी तिच्या टेबलावर नवीनच एक बाई आडवी झाली, पलीकडच्या बाजूच्या उंच इमारतींतली, बोटांवर अंगठ्यांचे पांढरे वळ असलेली. पाठीवर मोजा फिरत असताना ती डोळे मिटून बोलत होती. ऐकलंत का हो, म्हणे या चढावर एका पाठ घासणारीने लिलावात अख्खं घर घेतलं. काय काळ आलाय. असल्या बायका आता मालकिणी व्हायला लागल्या तर आपण कुठे जायचं?

फिल्नामने बादलीभर गरम पाणी तिच्या पाठीवर ओतलं, मोजा पिळला आणि टेबलावर थाप मारली.

"उताण्या व्हा," ती म्हणाली. "दुसरी बाजू राहिलीय."